बाहुलीचा सात्त्विक भाव : पाउल क्लेच्या हातबाहुल्यांविषयी

पाउल क्ले या चित्रकाराने १९१६ ते १९२५ या काळात आपला मुलगा फेलिक्स याच्यासाठी हातात घालून खेळवायच्या सुमारे पन्नास बाहुल्या तयार केल्या. त्यांपैकी तीस आज बर्न येथील पाउल क्ले केंद्रात आहेत. प्लास्टर, हाडे, कापडाचे तुकडे अशा घरगुती सामग्रीतून त्या घडल्या. १९२५ मधील एक भूत तर काड्यापेटीचे आहे. आपल्या कृतींची काटेकोर नोंदवही ठेवणाऱ्या क्लेने या बाहुल्या मात्र तीत नोंदविल्या नाहीत. समीक्षक या वगळण्याकडे बहुधा पित्याचे कौतुक म्हणून पाहतात. हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

बाहुल्यांच्या आज रूढ असलेल्या नावांत राज्याभिषिक्त कवी आहे, मृत्यू आहे, १९२२ ची स्वतः क्लेची प्रतिमाही आहे. क्रोध किंवा शोक या नावाची बाहुली नाही. म्हणजे येथे पात्रे आहेत, भाव नाहीत. चेहरा तर कायमचा गोठलेला. तरीही त्या भावपूर्ण वाटतात, ते कशामुळे?

नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांची कसोटी येथे उपयोगी पडते. स्वेद, रोमांच, वैवर्ण्य आणि अश्रू बाहुलीला अशक्य आहेत. स्तंभ, वेपथू आणि प्रलय मात्र बोटांनी साधतात: हात थबकतो, थरथरतो, गळून पडतो. स्वरभेद खेळविणाऱ्याच्या कंठातून येतो. (सत्त्व म्हणजे मनाची एकाग्रता, असे भरत सांगतो, ती लाकडा-प्लास्टरला कोठून असणार, हा आक्षेप रास्तच आहे. पण ती खेळविणाऱ्यापाशी असते.) जपानी नो नाट्यातही मुखवटा किंचित खाली झुकविला की तो खिन्न आणि वर उचलला की प्रसन्न भासतो. तेथे मुखवट्यामागे नटाचे संपूर्ण शरीर असते. येथे केवळ एक पंजा. तर्जनी मस्तकात, अंगठा व मधले बोट दोन्ही बाहूंत. क्लाइस्टने १८१० च्या निबंधात कळसूत्री बाहुलीच्या लालित्याचे श्रेय तिच्या आत्मभानशून्यतेला दिले. हातबाहुलीला तो न्याय लावता येणार नाही, कारण तिच्या आत प्रत्यक्ष माणूसच असतो, आणि फेलिक्सच्या बाबतीत तर तो एक मूल होता.

या दृष्टीने पाहता नोंदवहीतील अनुल्लेख सुसंगत ठरतो. क्लेचा हेतू काहीही असो, चित्र भिंतीवर पूर्ण असते. ही वस्तू हाताविना अपूर्ण राहते. म्हणून संग्रहालयातील बाहुल्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांचे मनोविश्लेषण करणारी समीक्षा निसरड्या जागी उभी आहे. काचेआडच्या बाहुलीजवळ आठांपैकी फक्त स्तंभ शिल्लक असतो, तोही निरुपायाने. फेलिक्सने वायमारच्या बाउहाउसमध्ये या बाहुल्यांचे खेळ केले, तेथील मंडळींची थट्टाही केली. त्या खेळांची संहिता अशी नव्हतीच. ऐनवेळी सुचेल ते बोलले जाई.