गाडी रोजनिशी लिहिते, वाचते कोण?

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाने मोटारींविषयी एक वृत्तान्त छापला. तेथील एका मोटारमालकाचा विम्याचा हप्ता २०२२ साली एकदम २१ टक्क्यांनी वाढला होता. त्याच्या चुकीने कधी अपघात झालेला नव्हता. इतर कंपन्यांकडे विचारणा केली, तर त्यांचेही दर चढेच. अखेर लेक्सिसनेक्सिस नावाच्या माहिती विकणाऱ्या कंपनीकडे आपली नोंद आहे, हे त्याला कळले. त्याने ती मागवली. उत्तरादाखल २५८ पानांचा गठ्ठा आला. सहा महिन्यांत त्याने आणि त्याच्या पत्नीने केलेल्या ६४० फेऱ्यांचा हिशेब त्यात होता. फेरी कधी सुरू झाली, कधी संपली, किती अंतर कापले, वेगमर्यादा कितीदा ओलांडली, ब्रेक कितीदा जोरात दाबला, सारे टिपलेले. टिपणारी होती त्याची स्वतःचीच शेवरोले मोटार.

या गोष्टीचा सर्वसाधारण अर्थ ‘तंत्रज्ञान वाईट’ असा लावला जातो. आम्हाला तो पुरेसा वाटत नाही. मोजमाप हाच आमचा रोजचा उद्योग असल्याने आम्ही या प्रकरणाकडे मोजमापाच्या अंगाने पाहणार आहोत. काय मोजले, त्यावरून काय ठरवले आणि ते कोणाला दिले, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. गोंधळ आणि अन्याय होतो तो हे तिन्ही एकत्र कालवल्यामुळे.

गाडीला हे कळते कसे?

आजच्या मोटारीत डझनावारी लहान संगणक असतात. चाक किती वेगाने फिरते आहे हे मोजणारे संवेदक आले ते ब्रेक दाबल्यावर चाके घसरू नयेत म्हणून. धक्का मोजणारा त्वरणमापक आला तो अपघाताच्या क्षणी हवेची पिशवी फुगावी म्हणून. सुकाणूचक्र किती वळले हे मोजणारा संवेदक आला तो निसरड्या वळणावर गाडी सावरावी म्हणून. या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ‘कॅन’ नावाची एक सामाईक तारव्यवस्था पुढे आणली. यातील एकही गोष्ट हेरगिरीसाठी जन्मलेली नाही. उलट त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत.

नंतर भर पडली ती दोन गोष्टींची. जीपीएसमुळे गाडीला आपण कोठे आहोत हे कळू लागले, आणि गाडीतच बसवलेल्या सिमकार्डामुळे ते बाहेर सांगता येऊ लागले. तोपर्यंत गाडीची माहिती गाडीत जन्मत होती आणि गाडीतच विरत होती. आता तिला बाहेर जाण्याचा दरवाजा मिळाला. खरा बदल हा आहे.

रोजनिशीचा बाजारभाव

वर सांगितलेल्या प्रकरणात जनरल मोटर्सने आपल्या ‘स्मार्ट ड्रायव्हर’ योजनेतील नोंदी लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या दोन कंपन्यांना दिल्या होत्या. त्यांच्याकडून त्या विमा कंपन्यांपर्यंत पोचत. वृत्तान्त छापून आल्यावर त्याच महिन्यात जनरल मोटर्सने हा व्यवहार थांबवला. परंतु धंदा एकाच कंपनीचा नव्हता. अमेरिकी संसदेतील रॉन वायडन आणि एड मार्की या दोन सिनेटरांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पत्रानुसार होंडाने ९७,००० गाड्यांची माहिती व्हेरिस्कला दिली आणि त्याबद्दल तिला २५,९२० डॉलर मिळाले. भागाकार करून पाहा. दर गाडीमागे सुमारे २६ सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने बावीस-तेवीस रुपये. ह्युंदाईचा हिशेब गाडीमागे ६१ सेंटांचा होता.

माणसाच्या दिनक्रमाची किंमत दोन कप चहाएवढी ठरावी, याची खंत आहेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की विकणाऱ्याला मिळणारे बावीस रुपये आणि ज्याची माहिती विकली गेली त्याला बसणारा हप्त्याचा फटका यांचा एकमेकांशी काहीही मेळ नाही. इतक्या क्षुल्लक लाभासाठी इतके मोठे नुकसान करता येते, कारण ते नुकसान दुसऱ्याचे असते.

जोरदार ब्रेक म्हणजे काय?

आता मोजमापाकडे वळू. प्रोग्रेसिव्ह या अमेरिकी विमा कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी सांगितलेली व्याख्या अशी, की एका सेकंदात वेग ताशी ७ मैल किंवा त्याहून अधिक घटला तर तो जोरदार ब्रेक. आपल्या एककांत हा दर येतो सुमारे ३.१ मीटर प्रतिसेकंद वर्ग. नववीच्या गतिविषयक समीकरणात तो घालून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी या दराने थांबायला सुमारे ४५ मीटर अंतर घेते.

आता समजा, गल्लीतून एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यावर आले आणि ब्रेक लागला त्या क्षणी मधले अंतर उरले होते २५ मीटर. मूल वाचवायचे तर वेग घटण्याचा दर निदान ५.६ हवा. म्हणजे ज्याने मूल वाचवले त्याच्या नावापुढे ‘जोरदार ब्रेक’ अशी नोंद पडणार. त्वरणमापकाने चूक केलेली नाही. त्याने आकडा अचूक दिला. मात्र त्याला मूल दिसत नाही. आकडा बरोबर आणि निष्कर्ष चूक, हे विज्ञानाच्या प्रयोगवहीत नेहमी घडणारे प्रकरण आहे. वहीतील खाडाखोड मोजून विद्यार्थ्याची समज ठरवावी, तसेच हे.

विमा कंपन्या म्हणतील, की जोरात ब्रेक दाबणाऱ्यांचे अपघात सरासरीने जास्त होतात. ते खरेही असू शकेल. परंतु हजारोंच्या गटाबद्दल खरे असलेले विधान त्या गटातील एका माणसाच्या गळ्यात अडकवताना पुराव्याची पातळी बदलते. काही योजनांत रात्री उशिरा गाडी चालवणे हेही जोखमीचे धरले जाते. रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या परिचारिकेने यावर काय करावे? तिला आपली बाजू मांडायची संधीच नसते, कारण आपल्याला गुण दिले जात आहेत हेच तिला माहीत नसते. ज्या परीक्षेची वेळ, विषय आणि परीक्षक तिन्ही गुप्त, तिला परीक्षा म्हणायचे का?

संमतीचे नाटक

‘आम्ही संमती घेतली होती’ हे दुसरे समर्थन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जनरल मोटर्सवर ठेवलेला आरोप असा, की या योजनेत नाव नोंदवून घेण्याची पद्धतच दिशाभूल करणारी होती आणि गाडीचे ठिकाण कधीकधी तर दर तीन सेकंदांनी टिपले जात होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. म्हणजे रस्त्यात दर ५० मीटरवर एक खूण! जानेवारी २०२५ मध्ये कमिशनने तोडग्याचा मसुदा मांडला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो कायम केला. त्यानुसार अशी माहिती ग्राहकांची पत ठरवणाऱ्या संस्थांना देण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई आहे.

एक कंपनी सापडली म्हणून बाकीच्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे नव्हे. मोझिला फाउंडेशनने २०२३ साली २५ मोटारकंपन्यांची गोपनीयता धोरणे तपासली. एकही उत्तीर्ण झाली नाही. त्यांतील ८४ टक्के कंपन्या माहिती इतरांना देतात किंवा विकतात, असे त्या तपासणीत आढळले. लांबलचक करारपत्र वाचून नकार द्यायचा, तर उपयोगी सोयीही बंद पडतात. शिवाय सही करतो तो गाडीचा मालक. शेजारी बसलेली पत्नी, मागे बसलेली म्हातारी आई, कधीतरी गाडी मागून नेणारा भाऊ यांची संमती कोणी घेतली?

नाव काढले म्हणजे ओळख पुसली?

‘आम्ही नावे काढून टाकतो’ हे तिसरे समर्थन. ते सर्वांत शास्त्रीय वाटते आणि म्हणूनच त्याची शास्त्रीय तपासणी करायला हवी. ईव्ह-अलेक्झांडर द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या हालचाली त्यांनी पाहिल्या. नावे नव्हतीच, ठिकाणही मोबाइलच्या मनोऱ्याइतपतच ढोबळ आणि वेळ तासापुरती. तरीही कोणत्याही चार जागा आणि वेळा कळल्या, की ९५ टक्के लोक गर्दीतून एकेकटे वेगळे काढता येत होते. कारण साधे आहे. रात्री अमुक सोसायटीत आणि दिवसा अमुक शाळेत असणारी माणसे किती असतील? बहुधा एकच. नाव पुसले तरी दिनक्रम हीच सही असते.

नावाऐवजी सांकेतिक आकडा वापरला तरी धोका उरतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सींनी २०१३ साली केलेल्या सतरा कोटींहून अधिक फेऱ्यांच्या नोंदी २०१४ मध्ये खुल्या झाल्या. टॅक्सीच्या परवाना क्रमांकाऐवजी एका गणिती प्रक्रियेतून निघालेली अक्षरांची साखळी दिली होती. ही प्रक्रिया उलटी करता येत नाही, हे खरे. पण त्या परवान्यांचे साचे मोजके. एक अंक, एक अक्षर, दोन अंक. किंवा दोन अक्षरे, तीन अंक. किंवा तीन अक्षरे, तीन अंक. इंग्रजी २६ अक्षरे धरून अकरावीच्या मुलांना हिशेब करायला सांगा. २६ हजार, ६ लाख ७६ हजार आणि १ कोटी ७५ लाख ७६ हजार, मिळून सुमारे १ कोटी ८३ लाख. संगणकाला हा खेळ वाटतो. सगळे शक्य क्रमांक त्याच प्रक्रियेतून काढून यादी बनवली, की साखळीवरून क्रमांक सापडतो. तसेच घडले.

आणि साठवलेले सुरक्षित राहते असे तरी कोठे आहे? डिसेंबर २०२४ मध्ये ‘डेर श्पीगेल’ हे जर्मन साप्ताहिक आणि केऑस कॉम्प्युटर क्लब ही संगणकतज्ज्ञांची संस्था यांनी दाखवून दिले, की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेवरील गाड्यांची माहिती नीट संरक्षणाविना पडून होती. त्यांपैकी ४ लाख ६० हजार गाड्यांची ठिकाणे तपशीलवार होती, आणि काही गाड्यांच्या बाबतीत तर अगदी दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक. गाडी कोणत्या दवाखान्यासमोर उभी होती हे त्यातून कळू शकते. चोराने ही माहिती नेली की नाही, हा मुद्दा दुय्यम. ती साठवलीच का, हा पहिला प्रश्न.

सुरक्षेसाठी पाळत लागतेच का?

येथे एक उदाहरण मुद्दाम नोंदवले पाहिजे. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या प्रकारांत ‘ई-कॉल’ ही यंत्रणा सक्तीची आहे. मोठा अपघात झाला, की गाडी स्वतःच ११२ या क्रमांकावर फोन लावते आणि ठिकाण, वेळ असा मोजका तपशील पाठवते. एरवी ती गप्प असते. सामान्य स्थितीत गाडीचा सतत माग काढता येऊ नये, अशी अट तिच्या कायद्यातच आहे. संवेदक तेच, जीपीएस तेच, सिमकार्डही तसेच. फरक आहे तो कधी बोलायचे आणि कोणाशी, या नियमात. म्हणूनच ‘सुरक्षा हवी असेल तर खाजगीपणा सोडा’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. तो अभियांत्रिकीचा नियम नव्हे, धंद्याची सोय आहे.

आपल्या दाराशी

आपल्याकडे हा प्रश्न सरकारी दप्तरातून आधीच आलेला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१९ साली वाहन नोंदणीची माहिती घाऊक विकण्याचे धोरण आणले. ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या नोंदींपर्यंत ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना प्रवेश दिला असून त्यातून सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, असे त्याच वर्षी संसदेत सांगण्यात आले. जून २०२० मध्ये गैरवापराच्या शक्यतेमुळे हे धोरण मागे घेतले गेले. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, अशी रचना केली गेली.

या कायद्याने मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. मात्र नियमांत एक सवलत आहे. शाळेच्या ने-आणीच्या वाहनाला, मुलांच्या सुरक्षेसाठी आणि प्रवासापुरतेच, त्यांचे ठिकाण टिपता येते. सवलत योग्यच आहे. बस कोठे आली हे कळले तर पालकांचा जीव भांड्यात पडतो. पण ‘प्रवासापुरतेच’ हा शब्द कोण सांभाळणार? कायद्याचे पुस्तक नव्हे. तो सांभाळायचा शाळेने.

म्हणून मुख्याध्यापकांनी बसच्या कंत्राटदाराला चार प्रश्न लेखी विचारावेत. नोंदी कोणाच्या संगणकावर राहतात? त्या किती दिवसांनी पुसल्या जातात? पालकांखेरीज त्या कोण पाहू शकते? मूल शाळा सोडून गेल्यावर त्याच्या नोंदीचे काय होते? मुलगी कोणत्या थांब्यावर, किती वाजता एकटी उतरते, ही माहिती त्या नोंदींत आहे. उत्तरे गोलमाल आली, तर पुन्हा विचारावीत. आणि ती मिळेपर्यंत करारावर सही करू नये.