पिवळी सलाईन

‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ ही मागणी अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी बरेचदा रुग्णच करतो. बाटलीत बी-कॉम्प्लेक्स सोडले की पाणी पिवळे होते, अन् तिथेच निम्मी ताकद आल्यासारखी वाटते. हा रंग रायबोफ्लेविनचा. गरजेहून जास्त झालेले हे जीवनसत्त्व काही तासांत लघवीवाटे, त्याच रंगाने, बाहेर पडते. आणि ताकद? ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर अवघी २५ ग्रॅम! खाऊ-पिऊ शकणाऱ्याने त्यासाठी शीर का टोचून घ्यावी? शिरेतून दिलेल्या थायमिनची तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण ती जिवावर बेतू शकते.

कायदे आहेत. औषधाच्या उत्पादन-विक्रीसाठी १९४० चा, शुश्रूषागृहांच्या नोंदणीसाठी १९४९ चा, नोंदणीविना वैद्यकी रोखण्यासाठी १९६१ चा. बाटली कशी बनली, कुठे आणि कोणी लावली, एवढे ते पाहतात. का लावली, हे तक्रार झाल्याशिवाय सहसा कोणी विचारत नाही. नोंदणीकृत डॉक्टरने लावलेली निरुपयोगी बाटली म्हणूनच सुखरूप निसटते.

बाटलीच्या लेबलवर टक्केवारी छापलेली असते. वरचा हिशेब आठवीची मुलेही करू शकतील. तेवढी साखर वर्गात तोलून दाखवावी.