प्रबंध पुरा करणारे आणि सोडणारे

अमक्याच्या मुलानें पीएच. डी. अर्धवट सोडली, हें आपल्या सुशिक्षित घरांतून अजून हलक्या आवाजांत सांगितलें जातें. वर्धेस १९९७ सालीं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय निघाल्यापासून हा प्रश्न त्या गांवालाही परका राहिलेला नाहीं. परंतु त्याचा उलगडा करण्यास त्याच गांवची जुनी मगनवाडी आम्हांस अधिक उपयोगी वाटते. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा तेथून पाहत. त्यांचें ‘पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी’ आणि डॉ. आंबेडकरांचें १९२५ सालचें ‘दि इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हीं दोन पुस्तकें आम्ही नुकतींच शेजारीं ठेवून वाचलीं. दोन्हींचा उगम कोलंबिया विद्यापीठांतील प्रबंधांत. दोघांचेही गुरु प्रा. सेलिग्मन, विषयही एकच, सरकारी जमाखर्च. एका लेखकानें डॉक्टरेट मिळविली. दुसरा एम. ए. वर थांबून स्वदेशीं आला, १९२९ सालीं गांधीजींस भेटला, आणि विद्यापीठाकडे पुन्हां वळला नाहीं.

आंबेडकरांचा ग्रंथ संथ आहे. १८३३ पासूनची मध्यवर्ती व प्रांतिक हिशेबांची गुंतागुंत ते एकेक टाका उसवून दाखवितात. वाचक मध्येंच दमतो हें खरें. पण निष्कर्षाशीं पोंचला म्हणजे तो निष्कर्ष त्याला हलवितां येत नाहीं. कुमारप्पांचें पुस्तक लहान आणि तिखट. मुरलेल्या हिशेबतपासनिसाच्या नजरेनें ते लष्कर, राज्यकारभार आणि कर्जाचें व्याज यांवरील खर्च एका बाजूस मांडतात व लोकांच्या कल्याणावरील खर्च दुसऱ्या बाजूस. त्यांचें म्हणणें पटतें. मात्र प्रतिपक्षाचें ऐकून घेण्याइतकी सवड त्यांना नव्हती, असें वारंवार जाणवतें. आम्ही हा दोष मानतों, पण त्याचें कारणही समजूं शकतों. लेखकास आपल्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें होतें, आणि त्यापुढील काम ग्रंथालयांत नव्हतें, खेड्यांत होतें. अशा मनुष्यानें पदवी सोडली, असें म्हणण्यापेक्षां विषयानेंच त्याला बाहेर नेलें, असें म्हणणें न्याय्य होईल.

आंबेडकरांविषयीं मात्र एक गोष्ट विसरली जाते. १९१७ सालीं गळालेल्या विद्यार्थ्यांची कोणी यादी केली असती, तर तींत त्यांचें नांव आलें असतें. बडोद्याची शिष्यवृत्ति संपली आणि लंडनचा अभ्यास टाकून त्यांना परतावें लागलें. चरित्रकार पुढील सर्व यश जिद्दीच्या खातीं जमा करतात. जिद्द होतीच, परंतु लंडन विद्यापीठानें चार वर्षांच्या आंत परतण्याची मुभा दिली नसती तर? सिडनॅम कॉलेजांतील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचें कर्ज, एवढें जमलें तेव्हां १९२० सालीं ते पुन्हां निघाले. रुपयावरील प्रबंध परीक्षकांनीं दुरुस्तीसाठीं परत केला. पैसे सरल्यामुळें तो मुंबईंत बसून सुधारून पाठवावा लागला, तेव्हां १९२३ सालीं डी. एस्सी. हातीं आली. कोलंबियाच्या पीएच. डी. साठीं तर छापील प्रती दाखल कराव्या लागल्या; ती मिळाली १९२७ सालीं.

वर्धेंत काय किंवा अन्यत्र काय, संशोधकाची खुर्ची रिकामी झाली म्हणजे त्याला बाहेर काम सांपडलें, कीं नुसतें विद्यावेतन थांबलें, याची चौकशी त्याच्या मार्गदर्शकानें केली होती काय, एवढें आम्ही विचारूं.