बोलणाऱ्यांनी मागे काय ठेवलं?

सास्तूरसारख्या गावात टीव्हीवरच्या समालोचकांवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आपण घरोघरी मॅच बघतो, आणि खेळाडूबद्दल आपलं जे मत बनतं त्यातलं बरंचसं माइकवरच्या माणसाकडून आलेलं असतं. म्हणून या माणसांचं काम तपासलं पाहिजे.

सुरुवात रेडिओपासून करू. बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळले आणि पुढे आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं वर्णन करत राहिले. रेडिओवर चित्र नसतं. चेंडू कुठं पडला, क्षेत्ररक्षक कुठून धावला, हे शब्दांनीच दाखवावं लागतं. 2015 साली ते गेले. क्रिकेट मराठीत ऐकण्याची सवय ही त्यांची मोठी ठेव आहे.

टीव्हीवर चित्र आधीच समोर असतं. मग समालोचकाने सांगायचं काय? आम्हाला दोन गोष्टी हव्यात: जे दिसतंय त्यामागचं कारण, आणि स्वतःचं खरं मत.

कारण सांगण्यात आपली माणसं कमी नाहीत. कसोटीत 10,122 धावा केलेले सुनील गावस्कर फलंदाजाच्या तंत्रावर बोलतात तेव्हा त्याला वजन असतं. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले कसोटी खेळलेले नाहीत. म्हणूनच ते प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न शेजारच्या खेळाडूला विचारतात. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीचा षटकार गेला, तो आज आठवला की रवी शास्त्रींचा आवाजही सोबत येतो.

अडचण दुसऱ्या गोष्टीत आहे. 2016 च्या आयपीएलमधून भोगलेंना बाजूला केलं गेलं. कारण आपल्याला सांगितलं नाही, असं त्यांनी स्वतः लिहिलं. पुढे ते परत आले. 2019 च्या विश्वचषकात संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला थोडं थोडं सगळं करणारा खेळाडू म्हणत कमी लेखलं. जडेजाने उपांत्य सामन्यात 59 चेंडूंत 77 धावा करून उत्तर दिलं. चुकीच्या मताला मैदानावर उत्तर मिळालं, हिशेब मिटला. 2020 मध्ये मांजरेकर मंडळाच्या समालोचकांमधून बाहेर पडले. या दोन घटनांचा संबंध आम्ही जोडत नाही. पण सामना ज्याचा, समालोचकही त्याच्याच पगारावर, अशी व्यवस्था असेल तर माइकवरचा माणूस बोलण्याआधी दहादा विचार करणार. मग आपल्या वाट्याला नुसतं कौतुक येतं. हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

आता मराठीचं. 2023 ला जिओसिनेमावर आयपीएलचं समालोचन मराठीतून झालं. केदार जाधव तिथं बोलत होते आणि त्याच हंगामात बंगळुरूच्या संघाने त्यांना खेळायला बोलावलं! मराठी आली ही आनंदाची गोष्ट. पण नव्या समालोचनात बऱ्याचदा हिंदी वाक्याला मराठी क्रियापद चिकटवलेलं ऐकू येतं. आरडाओरडा भरपूर, कारण कमी.

आणि खो-खो? आपल्या धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताच्या दोन्ही संघांनी खो-खोचा विश्वचषक जिंकला. या खेळाचे शब्द आपल्याच मातीतले: खो, खुंट, पाठलाग, गडी बाद. आठ जण आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेले असतात. कुणी कधी उठावं यात सगळं डोकं असतं. ते समजावून सांगणारा आवाज टीव्हीवर नसला, तर नव्या प्रेक्षकाला नुसती पळापळ दिसते.

म्हणून इथल्या शाळांच्या मैदानावर स्पर्धा होतात तेव्हा एखाद्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात माइक द्या. नुसती नावं पुकारू नका म्हणावं. गडी का बाद झाला तेही सांग. चुकलं तरी बोलू द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.