दोन खुर्च्या, दोन माइक

पुण्यातल्या मराठी यूट्यूबचा आजचा चेहरा पाहायचा असेल तर दोन खुर्च्या, मध्ये एक बुटकं टेबल, तोंडापाशी आलेले दोन जाड काळे माइक आणि मागे जांभळट उजेड, एवढं डोळ्यांपुढे आणलं तरी पुरतं. पाहुणा डॉक्टर असो, ज्योतिषी असो, निवृत्त पोलीस अधिकारी असो की उद्या सिनेमा लागणारा नट, चौकट तीच. थंबनेलचा अर्धा भाग पाहुण्याच्या चेहऱ्याने व्यापलेला, शेजारी पिवळ्या अक्षरांत तीन-चार शब्द, आणि त्यांत 'सत्य', 'धक्कादायक' किंवा 'कुणीच सांगत नाही' यांपैकी एक तरी हमखास. व्हिडिओ सुरू झाला की पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात पुढच्या दीड तासातली चार खमंग वाक्यं तोडून लावलेली असतात. मग चॅनेलचं बोधचिन्ह, मग सबस्क्राइबची विनवणी, आणि मग कुठे नमस्कार. असे स्टुडिओ आता तासाच्या भाड्याने मिळतात. कॅमेरे लावलेले, दिवे लावलेले, खुर्च्या मांडलेल्या. आपण फक्त पाहुणा न्यायचा.

चॅनेल वाढवायला हे बरं पडतं, यात शंका नाही. प्रश्न असा की वाढवायला जे बरं पडतं त्याने कला कुठे नेऊन ठेवली. याच शहराने दहा वर्षांपूर्वी अगदी वेगळी सुरुवात केली होती, म्हणून तो विचारावासा वाटतो.

२०१६ मध्ये सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजे भाडिपा, सुरू केली. त्यांच्या पहिल्या गाजलेल्या मालिकांपैकी एक होती 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण'. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी समोर बसलेल्या नामांकित पाहुण्याची मुलाखत घेतात आणि ती मुलाखत बघता बघता फसते. तिथेही खुर्च्याच होत्या आणि पाहुणाच होता, पण ते मुलाखतीचं सोंग होतं. कोण कुठे अडखळणार, शांतता किती ताणायची, पाहुण्याचा मोठेपणा कोणत्या वाक्याला उतरवायचा, हे सगळं लिहिलेलं आणि तालीम करून बसवलेलं वाटायचं. आजच्या पॉडकास्टशी तिची तुलना केली तर सामान जवळपास सारखंच निघेल. वजा झाली आहे ती संहिता.

ती संहिता आली कुठून, हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक भरवत असलेला पुरुषोत्तम करंडक आणि १९७४ पासूनचा फिरोदिया करंडक यांनी पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांना एक गोष्ट पक्की शिकवली: प्रेक्षक तुमच्यावर उपकार करायला आलेला नाही. भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' म्हणून बोंबलणारा जमाव पहिल्या दोन मिनिटांत गप्प झाला नाही तर एकांकिका गेली. त्या वातावरणात वाढलेल्या मंडळींनी २००८ मध्ये 'नाटक कंपनी' उभी केली, अमेय, निपुण आणि आलोक राजवाडे ही त्यातलीच नावं. आज चॅनेलवाले ज्याला 'हुक' आणि 'रिटेन्शन' म्हणतात, ते या मुलांनी आलेख न पाहता, समोरच्या अंधारातल्या खोकल्यावरून शिकून घेतलं होतं.

भाडिपाची आई आठवा. रेणुका दफ्तरदार आई, आलोक राजवाडे मुलगा, आणि विषय असा की जो मराठी मध्यमवर्गीय घरात एकतर टाळला जातो किंवा दहा मिनिटं आडून आडून बोलला जातो. विनोद शब्दांत कमी आणि त्या आडून बोलण्यात जास्त. अशा व्हिडिओंचं मार्केटिंग घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांनी फुकट केलं. मुलीने आईला पाठवायचा, आईने बहिणीला, बहिणीने 'अगदी आपली आईच' म्हणून पुढे ढकलायचा. जाहिरातीचं बजेट शून्य आणि पोच थेट अमेरिकेतल्या मराठी मंडळांपर्यंत. वाढीची ही एक वाट: लोकांना दुसऱ्याला दाखवावंसं वाटेल असं काहीतरी करणं. सांगायला सोपी, करायला सगळ्यांत महाग, कारण तिला लेखक लागतो.

दुसरी वाट शोधाची, आणि त्या वाटेवर मधुरा बाचल यांच्याइतकं शिस्तीने चाललेलं मला तरी मराठीत कुणी दिसत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत असताना त्यांनी 'मधुराज रेसिपी' सुरू केलं, पुढे पुण्यात आल्या आणि मराठी चॅनेलने त्यांना घराघरात नेलं. समीक्षक मंडळी पाककृतींच्या व्हिडिओंकडे नाक मुरडतात, म्हणून थोडं थांबून बघू. चकलीची भाजणी घ्या. बघणारी बाई, किंवा पहिल्यांदाच घराबाहेर राहणारा पोरगा, करमणुकीला आलेले नसतात. त्यांचं तेल तापायचं बाकी असतं. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: किती, किती वेळ, आणि बिघडलं तर का बिघडलं. मधुरा ही तिन्ही उत्तरं त्याच क्रमाने देतात. प्रमाण वाटीत आणि किलोत दोन्हीकडे, गॅस मोठा की मध्यम ते त्या त्या क्षणी, आणि चकली तेलात का विरघळते किंवा मऊ का पडते ते शेवटी राखून न ठेवता मध्येच. आवाज चढत नाही, मागे ढोल वाजत नाहीत. दिवाळी आली की तेच जुने व्हिडिओ पुन्हा शोधले जातात, दरवर्षी, नव्याने संसार मांडणाऱ्या नव्या लोकांकडून. बातमीवरचा व्हिडिओ दोन दिवसांत शिळा होतो. भाजणीचा होत नाही. पुढे त्यांनी मसाले विकायला काढले तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण ज्या हाताने प्रमाण सांगितलं त्याच हाताचा मसाला होता.

तिसरी वाट वर्गातून निघते. सीए रचना रानडे पुण्यात वर्षानुवर्षं शिकवत होत्या. २०१९ मध्ये शेअर बाजाराची ओळख करून देणारी त्यांची तासाभराची व्याख्यानं यूट्यूबवर चालली ती कुठल्याही चकचकाटाशिवाय. एक बाई समोरच्याला कंटाळा येऊ न देता ताळेबंद शिकवते आहे, बस. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेल्या या शहराला उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं वावडं कधीच नव्हतं. फुकट व्हिडिओ, मग मेंबरशिप, मग पैसे देऊन घ्यायचे अभ्यासक्रम, हा व्यवहार नंतर अनेकांनी उचलला. शिकवण्याची हातोटी उचलता आली नाही ती नाहीच. सेबीने २०२५ च्या जानेवारीत बजावलं की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरू नयेत. शिकवण्याच्या नावाखाली टिप्स देणाऱ्यांची अडचण झाली असेल. ज्याला खरंच ताळेबंद शिकवायचा आहे त्याचं काय अडणार? ताळेबंद तीन महिन्यांपूर्वीचाही चालतो.

या तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी दिसते. माणसं चॅनेल काढण्याआधी कुठेतरी प्रेक्षकासमोर घासून निघाली होती, तालमीत, वर्गात किंवा ओट्यापाशी. चॅनेल नंतर आलं. आज क्रम उलटला आहे. आधी चॅनेल, मग 'निश', मग थंबनेल, आणि काय बोलायचं ते सगळ्यांत शेवटी.

यात यूट्यूबच्या गणिताचा वाटा मोठा आहे, आणि ते गणित न मांडता फक्त पोरांना नावं ठेवणं अन्यायाचं होईल. २०१२ पासून यूट्यूब शिफारशी करताना नुसते व्ह्यूज न मोजता लोक किती वेळ पाहतात ते मोजू लागलं. २०१८ पासून जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तासांचा वॉच टाइम अशी अट आली. २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांहून लांब व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालता येऊ लागल्या. आता बघा. पाच मिनिटांचं प्रहसन लिहायला आठवडा, बसवायला दोन दिवस, चित्रित करायला एक दिवस, चार नटांचं मानधन, आणि मध्ये जाहिरात नाही. दीड तासाची गप्पा मारणारी बैठक एका दुपारी उरकते, वॉच टाइम ढिगाने, मध्ये हव्या तितक्या जाहिराती, वर त्यातून कापून दहा शॉर्ट्स. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि सप्टेंबरात शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू झाली. तेव्हापासून हे कापकाम एक स्वतंत्र धंदा झालं आहे. त्यात मराठी जाहिरातीचा दर इंग्रजीच्या मानाने कमी. हिशेब मांडणारा कुठलाही शहाणा माणूस खुर्च्याच मांडेल.

म्हणून सगळे पॉडकास्ट टाकाऊ, असं मात्र नाही. विनायक पाचलग यांच्या 'थिंक बँक'वर अभ्यासकाला सलग बोलू दिलं जातं, मराठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांनी सोडून दिलेली जागा त्यांनी धरली. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांच्या 'अमुक तमुक'मध्ये मानसोपचार, नातेसंबंध, लैंगिकता हे विषय मराठीत, न लाजता आणि न चेकाळता बोलले जातात. हे सोपं नाही, आपल्या भाषेत तर नाहीच. सौमित्र पोटे यांच्या 'मित्रम्हणे'ला पत्रकाराचा कान आहे, उत्तर संपल्यावर लगेच पुढच्या चिठ्ठीकडे वळत नाहीत. पण याही चॅनेलांना माझी एक तक्रार आहे आणि ती संपादनाची. दीड तासातली चाळीस मिनिटं कापली तर उरलेली पन्नास झळाळून उठतील, हे त्यांनाही कळत असणार. कापत नाहीत, कारण कापलं की तास कमी होतात.

'बोल भिडू'चं वेगळं. पुण्यातून चालणाऱ्या या चॅनेलने बातमीमागची गोष्ट पाच-सात मिनिटांत, कट्ट्यावरच्या बोलीत सांगायची रीत पाडली. निवेदक मान डोलावत, गावाकडच्या मित्राला सांगावं तसं सांगतो, आणि जिल्हा पातळीचं राजकारण, तालुक्याची भांडणं, साखर कारखान्यांचे डावपेच हे पहिल्यांदाच तरुण पोरं आवडीने ऐकू लागली. नंतर त्या रीतीच्या इतक्या नकला निघाल्या की आवाज बंद करून पाहिलं तर कोणतं चॅनेल आहे ते सांगता येऊ नये. शीर्षकात प्रश्न, उत्तर सहाव्या मिनिटाला, आणि उत्तर असं की 'हे येणारा काळच ठरवेल'. ही शुद्ध फसवणूक आहे. प्रेक्षक एकदा फसतो, दोनदा फसतो, तिसऱ्यांदा क्लिक करतो पण विश्वास ठेवत नाही. आलेखात मात्र तिन्ही क्लिक सारख्याच दिसतात.

खाण्याच्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. पुण्यातली प्रत्येक मिसळ 'एक नंबर' आहे. तर्रीत पाव बुडवायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची, आणि पत्ता सांगायचा. मटकी कच्ची राहिली, रश्श्यात नुसतं तिखट आहे आणि चव नाही, शंभरच्या वर पैसे मोजावेत असं ताटात काही नाही, असं बोलणारा व्लॉगर दुर्मीळ, कारण तो जेवायला 'कोलॅब'वर आलेला असतो. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहा, हे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच सांगितलं, २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही सांगितलं. ते लिहिलेलं असतं कधी कधी, वर्णनाच्या तळाशी, विसाव्या हॅशटॅगनंतर.

आणि हे सगळं उभं आहे ते भाड्याच्या जागेत. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', यांचं नातवाच्या मदतीने वाढलेलं चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरात हॅक झालं तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. ते परत मिळालं. पण एका पासवर्डमागे घरची सगळी कमाई असते हे त्या दिवसांत अनेकांना कळलं, आणि मसाले, अभ्यासक्रम, तिकीट लावून होणारे प्रयोग अशा यूट्यूबबाहेरच्या उत्पन्नाकडे जाणते लोक का वळतात तेही.

भाडिपाही वळली. 'पांडू' २०१९ मध्ये एमएक्स प्लेयरवर आली, 'शांतीत क्रांती' २०२२ मध्ये सोनी लिव्हवर. मात्र इंजिनिअरिंग करून नोकरीविना राहिलेल्या पोरांची 'बी. ई. रोजगार' त्यांनी यूट्यूबवरच, फुकट दाखवली. ही मालिका मला त्यांच्या कामात सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिच्यात शहर दिसतं, नुसता किस्सा दिसत नाही. तशी दुसरी मराठी मालिका यूट्यूबवर क्वचित सापडते. पुरुषोत्तमसाठी दरवर्षी नव्या दमाची पोरं एकांकिका लिहितात, रात्र रात्र तालमी करतात. पुढे त्यांच्यातला कुणी चॅनेल काढतो तेव्हा बहुतेक वेळा पहिला व्हिडिओ पॉडकास्टचा असतो आणि पाहुणा म्हणून कॉलेजातलाच एक सीनियर बसलेला असतो, जो हल्ली लिहीत नाही.