कवी आणि गुलाम

प्लॉटसचे ‘स्यूडोलस’ हे नाटक रोममध्ये इ. स. पू. १९१ साली झाले. धन्याच्या मुलाचे जिच्यावर प्रेम, त्या मुलीला कुंटणखान्याच्या मालकाने वीस मिनांना एका सैनिकाला विकले आहे. पंधरा मिना पोचल्या, पाच यायच्या आहेत. तिला सोडवण्याचा विडा घरचा गुलाम स्यूडोलस उचलतो. खिशात पैसा नाही, डोक्यात बेत नाही. तरी तो स्वतःला कवीच्या रांगेत बसवतो: जगात कुठेच नसलेली वस्तू कवी जशी शोधून काढतो, तसे मीही पैसे काढीन. शेवटी तो जिंकतो, धन्याकडून पैजेचे पैसे वसूल करतो, दारू पिऊन झिंगतो. राहतो मात्र गुलामच. स्वातंत्र्य मागतही नाही.

रिचर्ड लेस्टरच्या ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ (१९६६) या चित्रपटातल्या स्यूडोलसला स्वातंत्र्याखेरीज काही नको. ही दुरुस्ती १९६२ च्या मूळ ब्रॉडवे संगीतिकेतलीच. तिची गरज मला पटते. गुलामीत रमलेल्या गुलामाला आजचा प्रेक्षक मोकळेपणाने हसणार नाही. झीरो मॉस्टेल आणि जॅक गिलफर्ड हे यातले दोन्ही मुख्य ‘गुलाम’ १९५० च्या दशकात काळ्या यादीमुळे कामाला मुकलेले नट होते. त्यामुळे मॉस्टेलच्या त्या हव्यासाला धार येते.

पण या दुरुस्तीची किंमत आहे. प्लॉटसचा गुलाम डाव रचतो तो रचण्याच्या मस्तीत. नाटकाचा कर्ता तोच. चित्रपटातला गुलाम मोबदल्यासाठी राबतो. सोंगाड्यासारखा तो आपल्याशी बोलू लागतो, पण लेस्टरची घाईची कात्री ते संधान जुळूच देत नाही.

लेस्टरची नजर मात्र पक्की आहे. त्याचे रोम संगमरवरी नाही. तिथे घाण आहे. अखेरच्या श्रेयनामावलीतही माश्या घोंघावतात. गुलामगिरीवर उभ्या शहराबद्दल ही चौकट संवादांपेक्षा जास्त सांगते.

म्हणूनच शेवट मला कमकुवत वाटतो. गुलाम मुक्त, प्रेमी एकत्र, हिशेब चुकता. प्लॉटसच्या शेवटी धनी सुचवतो, प्रेक्षकांनाही प्यायला बोलाव. स्यूडोलस म्हणतो, हे मला कधी बोलावतात का? त्या प्रश्नावर हसताना प्रेक्षक स्वतःच सापडतो. चित्रपटाने गुलामाला सोडवले, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही.