डाव्या कडेचा माणूस

बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसल्यामुळे मला दोन गोष्टी हात लावल्याबरोबर ओळखता येतात. एक खोटी नोट आणि दुसरं खोटं निरोपाचं भाषण. फरक इतकाच की, नोट आम्ही जप्त करतो आणि भाषणाला टाळ्या वाजवतो.

आमच्या शाखेत निरोप समारंभाचा एक ठरलेला विधी आहे. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढायचं, खुर्च्या गोल मांडायच्या, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं. ज्या माणसाने सदतीस वर्षं घड्याळाकडे बघूनच काढली, त्याला आणखी एक घड्याळ! मग एक एक जण उठतो आणि सांगतो की, यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या पोकळीत कुणीतरी डबा ठेवून बसलेला असतो. गेलेल्या माणसाने काम कसं केलं, त्याला काय जमत होतं आणि काय जमत नव्हतं, हे मात्र कुणीच बोलत नाही. म्हणजे ताळेबंद न मांडताच खातं बंद!

माझ्याकडून असाच एक निरोप समारंभ करायचा राहून गेला आहे. माणूस बँकेतला नाही. त्याचं नाव मंदार राव देसाई. एफसी गोवा या संघातून २०१४च्या पहिल्या इंडियन सुपर लीगपासून तो डाव्या बाजूने धावत होता, आणि २०२० साली तो संघ सोडून मुंबईला गेला. तेव्हा मी त्याच्याबद्दल बरंच वाईट बोललो. आज ताळेबंद मांडायला बसलो आहे.

आता तुम्ही म्हणाल, गोंदियाच्या कारकुनाला गोव्याच्या फुटबॉलशी काय करायचं आहे? धानाच्या बांध्या, भाताच्या गिरण्या आणि रेल्वेचं जंक्शन एवढ्यावर आमचं गाव समाधानी आहे. खरं आहे. हा सगळा एलटीसीचा दोष.

२०१५च्या दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब गोव्याला निघालो. गोंदियाहून कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस जाते. ही गाडी तेराशेवर किलोमीटर धावते, पण राज्य काही सोडत नाही. एक अख्खा दिवस आणि वर थोडी रात्र त्या गाडीत काढल्यावर माणसाला महाराष्ट्र एवढा मोठा का ठेवला, असा प्रश्न पडतो. कोल्हापूरहून पुढे बस. मडगावला पोहोचलो तेव्हा बायकोला समुद्र बघायचा होता, मला झोपायचं होतं, आणि दहा वर्षांच्या चिरंजीवांना फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मॅच बघायची होती. आमच्या घरात बहुमताला किंमत नसते, आवाजाला असते. आम्ही फातोर्ड्याला गेलो.

तारीख १७ नोव्हेंबर. समोर मुंबई सिटी. त्या रात्री गोव्याने मुंबईवर सात गोल केले आणि मुंबईने शून्य. डुडूचे तीन, हाओकिपचे तीन, रेनाल्डोचा एक. पहिल्या दोन गोलांना मी उठून टाळ्या वाजवल्या, तिसऱ्याला शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, आणि पाचव्या-सहाव्यापर्यंत आम्ही एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली होती. त्या गृहस्थांनीच मला संघातल्या गोव्याच्या मुलांची नावं सांगितली. "तो मंदार, डावीकडचा. आमचा!" असं म्हणताना त्यांच्या आवाजात सात गोलांपेक्षा जास्त काहीतरी होतं. परदेशी खेळाडू येतात आणि जातात, हा आमचा, हा राहणार, असा तो आवाज होता.

त्यात संघाचं चिन्ह म्हणजे रानगवा. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आमच्याकडेही गवा आहे. म्हणजे नात्यात बसतं! परतीच्या प्रवासात मी चिरंजीवांना जाहीर केलं की, आपण आता गोव्याचे. गोंदिया आणि गोवा, दोघांची सुरुवातही 'गो'नेच आहे. बायको म्हणाली, "समुद्र पंधरा मिनिटं दाखवलात, एवढं लक्षात ठेवा."

तेव्हापासून टीव्हीवर मी मंदारला बघत आलो. तेव्हा आता समीक्षा.

फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला एक पांढरी रेघ असते आणि विंगरचा सगळा संसार त्या रेघेला लागून असतो. मधल्या खेळाडूला चारही दिशा मोकळ्या. विंगरला एका बाजूने भिंतच. त्याने धावत जायचं, समोरच्या बॅकला चुकवायचं, कोपऱ्याशी पोहोचायचं आणि चेंडू मध्ये टाकायचा. मग मध्ये उभा असलेला कुणीतरी त्याला डोकं किंवा पाय लावतो आणि पेपरात त्याचा फोटो येतो. विंगर तोपर्यंत परत निघालेला असतो.

हे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की, अरे, हा तर क्लार्क आहे! व्हाउचर आम्ही करतो, सही साहेबांची. डिपॉझिटसाठी दारोदार आम्ही फिरतो, झोनल ऑफिसात ढाल साहेब घेतात. फेरान कोरोमिनास या स्पॅनिश गृहस्थांनी गोव्यासाठी २०१७-१८ मध्ये १८ आणि पुढच्या हंगामात १६ गोल केले, आणि दोन्ही वर्षी गोल्डन बूट नेला. योग्यच झालं. पण चेंडू मधल्या भागात आपोआप उगवत नाही. तो कुणीतरी रेघेवरून वाहून आणलेला असतो.

दोषही सांगतो, नाहीतर हेही शाल-श्रीफळाचं भाषण व्हायचं. मंदारचा वेग सुंदर, पण शेवटचा चेंडू पुष्कळदा घाईचा. चार माणसांना मागे टाकून तो कोपऱ्याशी पोहोचायचा आणि मग क्रॉस असा मारायचा की, तो गोलपोस्टच्या मागे बसलेल्या मंडळींच्या उपयोगी पडावा. त्याचा उजवा पाय बहुधा डाव्याला सोबत म्हणून दिलेला होता. शंभराच्या जवळपास सामने खेळला, पण गोल बोटांवर मोजावे इतकेच. मोठा कलावंत म्हणावा असा तो नव्हता. ब्रँडन फर्नांडिसच्या पायात जी नजाकत होती, ती मंदारच्या पायात मी कधी पाहिली नाही.

पण तो परत यायचा. हे लिहायला सोपं आहे, धावायला कठीण. साठ यार्ड पुढे जाऊन क्रॉस वाया गेल्यावर विंगर सहसा कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघतो, जणू चूक आभाळाची आहे. हा माणूस चेंडू सुटल्याबरोबर वळायचा. ऐंशीव्या मिनिटालाही वळायचा. कॅश जुळली नाही म्हणून हात झटकून घरी न जाता पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज करणारे कॅशियर असतात ना, त्या जातीचा.

२०१७ साली सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक आले. पायात चेंडू ठेवून, छोटे छोटे पास देत खेळण्याची त्यांची पद्धत. त्यांच्या काळात मंदार मागे गेला आणि लेफ्ट बॅक झाला. पुढच्या फळीतल्या माणसाला बचावात पाठवणं म्हणजे आमच्याकडे कर्ज विभागातून उचलून पासबुक छापायला बसवण्यासारखं. आमच्याकडे अशा वेळी माणूस युनियनकडे जातो, निदान रक्तदाब तपासून घेतो. मंदारने तोच रस्ता वीस यार्ड मागून सुरू केला, इतकंच. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात चांगला खेळ तो हाच. विंगर म्हणून तो बरा होता. बचावातून वर चढणारा बॅक म्हणून तो संघाचा कणा झाला. पुढे कर्णधारही झाला.

त्या काळाने दुःखही दिलं. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यात ११७व्या मिनिटाला बंगळुरूच्या राहुल भेकेने गोल केला आणि आमच्या घरात भाजी करपली. पण पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईला २-१ने हरवून सुपर कप आला. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० धुऊन लीग शील्ड आली. ती पहिलीच शील्ड. तिच्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय संघ आमचा ठरला. मी शाखेत पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "प्रमोशन का जी?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

आणि तिथेच माशी शिंकली. संघ तक्त्यात वर असतानाच, जानेवारीच्या अखेरीस, लोबेरांना नारळ मिळाला होता. २०२० मध्ये ते मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. साहेबांची बदली झाली की, त्यांच्या विश्वासातली चार माणसं हळूहळू त्याच शाखेत दिसू लागतात, हा अनुभव आम्हाला नवा नाही. जाहूह गेला, फॉल गेला, बूमूस गेला. ते परदेशचे, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण मंदारही गेला! आणि कुठे, तर ज्यांना आम्ही सात गोल मारले होते त्यांच्याकडे!

मी भयंकर चिडलो. "पैशासाठी गेला, निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही जगात," असं मी शाखेत तीन दिवस ऐकवत होतो. शेवटी आमचे शिपाईभाऊ टोकन पुसता पुसता म्हणाले, "गेला त गेला जी! पोट्टा का जनमभर एकाच वावरात पयत राहीन?"

घरी हेच भाषण सुरू केलं तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही तीनदा प्रमोशन नाकारलं, ते निष्ठेपोटी का?"

मी टीव्हीचा आवाज वाढवला. बाकी उत्तर नव्हतं.

वाचकहो, खरं सांगायचं तर ते निष्ठेपोटी नव्हतं. अधिकारी झालो तर बदली होणार, बदली झाली तर नवं गाव, नवा साहेब, नवं काम, आणि ते आपल्याला जमलं नाही तर? या 'तर'ला घाबरून मी बावीस वर्षं त्याच काउंटरमागे बसलो आणि लोकांना सांगत आलो की, मला माझं गाव सोडवत नाही. आमच्याकडे धानाच्या शेतात सारस असतात. ते जोडीदाराला सोडत नाहीत, म्हणून त्यांच्या निष्ठेच्या गोष्टी सांगतात. पण पाणी आटलं की, बांधी तेही बदलतात.

मग तो विचित्र हंगाम आला. साथीमुळे २०२०-२१ची अख्खी लीग प्रेक्षकांविना गोव्यातच खेळवली गेली. म्हणजे मंदारची बदली झाली मुंबईला आणि पोस्टिंग राहिलं गोव्यातच! अशी बदली मिळाली असती तर मी पहिल्याच वर्षी प्रमोशन घेतलं असतं. पण गंमत बाजूला. आपल्याच गावात, दुसऱ्याच्या रंगाचा शर्ट घालून, आणि 'आमचा' म्हणणारा एकही माणूस खुर्चीवर नसताना खेळायचं, हे सोपं नसावं. मार्च २०२१ मध्ये उपांत्य फेरीत मुंबई आणि गोवा समोरासमोर आले. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीवर मुंबई ६-५. मी गोव्याचाच होतो. हरल्यावर टीव्ही बंद केला, पण आतून राग काही येईना. पाच दिवसांनी फातोर्ड्यावरच त्याच्या नव्या संघाने अंतिम सामना २-१ असा जिंकला. लीग शील्ड आणि करंडक दोन्ही एकाच हंगामात नेणारा तो पहिला संघ.

रात्री उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विंगरला शाळेत पहिला धडा काय देतात? चेंडू दे आणि मोकळ्या जागेत धाव. दिलेल्या जागी उभा राहशील तर तू खेळाडू नाहीस, कोपऱ्यावरचा झेंडा आहेस. मंदारने सहा वर्षं रोज संध्याकाळी आमच्यासाठी हेच केलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने तेच एकदा स्वतःसाठी केलं, तर मी त्याला बेइमान म्हणालो. निष्ठेचा हिशेब माणूस किती वर्षं थांबला यावर मांडायचा नसतो. होता तोवर परत धावत येत होता की नाही, यावर मांडायचा असतो. या हिशेबात त्याच्या नावावर एक पैसाही बाकी निघत नाही. माझ्या खात्याबद्दल मी सध्या बोलत नाही.

२०२३ साली तो मुंबई सोडून कोलकात्याला, ईस्ट बंगालकडे गेला. मुंबई-हावडा म्हणजे रस्ता आमच्या गोंदियावरूनच. अर्थात तो विमानाने गेला असणार, पण वरून का होईना, गेला असेल. त्या दिवशी मी फलाटावर असतो तर शाल दिली असती. घड्याळ नसतं दिलं.

जाता जाता एक सांगतो. प्रमोशनच्या परीक्षेचं परिपत्रक यंदाही आलं आहे. अर्ज ड्रॉवरमध्ये आहे, टोकनांच्या डब्याखाली. शिपाईभाऊंनी तो पाहिला आहे, पण अजून घरी कळलेलं नाही. शेवटची तारीख महिनाअखेर.